डच बंड म्हणजे नुसतं 'प्रोटेस्टंट विरुद्ध कॅथलिक'? त्या फॉरवर्डची जरा झडती घेऊया

सोळाव्या शतकात नेदरलँड्सने स्पेनच्या राजाविरुद्ध केलेल्या उठावावर, म्हणजे डच बंडावर, इतिहासाच्या ग्रुपांवर एक लांबलचक फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. थोडक्यात असा: स्पेनच्या कट्टर कॅथलिक राजाने हॉलंड जिंकून घेतलं, तिथली सगळी जनता प्रोटेस्टंट झाली, म्हणून स्पॅनिश इन्क्विझिशनने (धर्मविरोधकांना शोधून शिक्षा करणाऱ्या कोर्टाने) लाखो लोक जाळले, वर दहा टक्के टॅक्स वसूल केला, मग विल्यम ऑफ ऑरेंज नावाच्या प्रोटेस्टंट वीराने राजेशाही झुगारून प्रजासत्ताक आणलं, जगात पहिल्यांदा सर्वांना धर्मस्वातंत्र्य दिलं, आणि याच धर्मयुद्धाचा पुढचा भाग म्हणून डचांनी गोव्याच्या पोर्तुगीजांनाही वेढलं. शेवटी अर्थातच 'जास्तीत जास्त शेअर करा'.

यातला एकही मुद्दा पूर्ण हवेतला नाही, आणि म्हणूनच हे खोडायला कटकटीचं आहे. प्रत्येकात मूठभर खरं आहे. पण सगळं जोडून जी गोष्ट तयार होते ती घडलेली नाही. एकेक घेऊ.

'स्पेनने हॉलंड जिंकलं.' कधी? कुठल्या लढाईत? तो प्रदेश, म्हणजे नेदरलँड्स (आजचं नेदरलँड्स आणि बेल्जियम; हॉलंड हा त्यातला एक प्रांत), लग्नं आणि वारसाहक्क यातून हाब्सबुर्ग घराण्याकडे आला. बरगंडीची मेरी, तिचा नवरा मॅक्सिमिलियन, त्यांच्या मुलाचं लग्न कॅस्टिलच्या राजकन्येशी, आणि त्यांचा मुलगा चार्ल्स पाचवा. हा चार्ल्स १५०० साली गेन्टमध्ये जन्मला, म्हणजे तिथलाच माणूस, स्पेनमध्ये गेला तेव्हा उलट स्पॅनिश लोकांनाच तो परका वाटला. काही प्रांत त्याने लढून किंवा दबाव टाकून जोडले हे खरं, पण ते नेदरलँड्सचा सत्ताधीश म्हणून. परकेपणाचा प्रश्न आला तो त्याच्या मुलाच्या, दुसऱ्या फिलिपच्या वेळी. जन्म वायादोलिदचा, डच भाषा येत नाही, आणि १५५९ ला जो गेला तो परत कधी आलाच नाही. १५५५ मध्ये ब्रसेल्सला चार्ल्सने राज्य सोडलं तेव्हा तो थकलेला राजा ज्याच्या खांद्यावर हात ठेवून दरबारात आला तो तरुण सरदार कोण? विल्यम ऑफ ऑरेंज. पुढे फिलिपनेच त्याला हॉलंड, झीलंड आणि उट्रेख्तचा स्टाटहाउडर, म्हणजे राजाचा प्रतिनिधी, नेमलं. बंडाचा पुढारी सिस्टिमच्या अगदी आतला माणूस होता.

'सगळी जनता प्रोटेस्टंट झाली आणि उठली.' हा सगळ्यात मोठा घोळ आहे त्यामुळे इथे जरा थांबू.

विल्यमचंच बघा. जर्मनीत डिलेनबुर्गला जन्म, आईवडील लूथरन, अकराव्या वर्षी चुलतभावाची मोठी इस्टेट वारशाने मिळाली पण अट अशी की मुलगा कॅथलिक म्हणून वाढवायचा. मग तो कॅथलिक. १५६४ च्या शेवटच्या दिवशी त्याने राजाच्या सल्लागार मंडळात जे भाषण केलं त्याचा मतितार्थ असा की मी स्वतः कॅथलिक आहे, पण राजांनी लोकांच्या विवेकावर हुकूम चालवावा हे मला मान्य नाही. कॅल्विनपंथी (प्रोटेस्टंटांचा एक कडक पंथ) चर्चमध्ये तो उघडपणे गेला १५७३ ला, म्हणजे शस्त्र उचलल्यावर पाच वर्षांनी. एग्मोंट आणि हॉर्न या ज्या दोन सरदारांची डोकी फिलिपने सैन्य देऊन पाठवलेल्या आल्बाच्या ड्यूकने ५ जून १५६८ ला ब्रसेल्सच्या चौकात उडवली ते दोघंही कॅथलिक होते, आणि एग्मोंटने तर फिलिपसाठी फ्रान्सविरुद्ध लढाया जिंकून दिल्या होत्या.

मग भांडण कशावरून होतं? आधीचं भांडण तर कॅथलिकांचं आपसातलंच. १५५९ मध्ये फिलिप आणि पोप यांनी मिळून १४ नवीन बिशपांच्या जागा काढल्या, आणि त्यांचा खर्च जुन्या मठांच्या उत्पन्नातून भागवायचा ठरलं. ब्राबांटचे मठाधिपती संतापले, सरदार संतापले कारण या जागांवर कोण येणार हे आता राजा ठरवणार. शहरांचे आणि प्रांतांचे शेकडो वर्षांचे लेखी हक्क होते, राजा गादीवर येताना ते पाळायची शपथ घ्यायचा. माद्रिदहून कोणीतरी फाइलवर सही करून ते बाजूला सारतोय ही भावना कॅथलिक-प्रोटेस्टंट दोघांचीही.

आता प्रोटेस्टंट होतेच, नाही कोण म्हणतंय. १५६६ च्या उन्हाळ्यात शहराबाहेर माळावर हजारोंच्या गर्दीत प्रवचनं व्हायची, लोक हत्यारं घेऊन यायचे. १० ऑगस्टला फ्लँडर्समधल्या स्टेनफोर्डे गावात (आज ते फ्रान्समध्ये आहे) प्रवचन संपल्यावर जमाव चॅपेलमध्ये घुसला, मूर्ती फोडल्या, आणि दहा दिवसांत ही लाट अँटवर्पच्या कॅथेड्रलपर्यंत पोचली. यात कॅल्विनपंथी प्रचारकांचा हात होता, तसा धान्याच्या भडकलेल्या भावांचा आणि बेकारीचाही. पण या मूर्तिभंजनाने बंडाला फायदा झाला का? उलट, बरेच सरदार दचकून परत राजाच्या बाजूला गेले, आणि विल्यमने स्वतः अँटवर्पमध्ये काही मूर्तिभंजकांना फाशी दिली. फॉरवर्डमधल्या 'प्रोटेस्टंट वीरा'ने.

आकडाच हवा असेल तर १५८० च्या दशकात, म्हणजे बंड यशस्वी होऊन दीड दशक झाल्यावरही, हॉलंड प्रांतात कॅल्विनपंथी चर्चचे रीतसर सभासद दहा टक्क्यांच्या आसपासच होते. बाकीचे काठावर, काही कॅथलिक, काही मेनोनाइट (आणखी एक छोटा प्रोटेस्टंट पंथ), बरेच जण नुसते वाट बघणारे. ॲम्स्टरडॅम, ज्याला आपण या सगळ्याची राजधानी समजतो, ते १५७८ पर्यंत राजाच्या बाजूने होतं!

'स्पॅनिश इन्क्विझिशनने लाखो जाळले.' गोव्यात १५६० ला इन्क्विझिशन बसलं, ते पोर्तुगीज राजाचं, त्यामुळे आपल्याकडे हा शब्द ऐकला की डोळ्यासमोर एक ठरलेलं चित्र येतं. नेदरलँड्समध्ये वेगळी यंत्रणा होती, चार्ल्सने १५२२ पासून उभी केलेली, आणि शिक्षा बहुतेक वेळा राजाच्या फर्मानांखाली स्थानिक कोर्टं द्यायची. १ जुलै १५२३ ला ब्रसेल्समध्ये दोन ऑगस्टिनियन भिक्षूंना जाळलं तिथून सुरुवात. १५६६ पर्यंत धर्मासाठी मारले गेलेले साधारण १३००, त्यात खूप मोठा वाटा ॲनाबॅप्टिस्टांचा (बाप्तिस्मा मोठेपणीच घ्यावा म्हणणारा पंथ). मग आल्बाचं स्पेशल कोर्ट, ज्याला लोकांनी 'रक्ताचं कोर्ट' नाव ठेवलं, त्याने हजारेक लोकांना मारलं आणि नऊ हजारांच्या आसपास लोकांना गैरहजेरीत दोषी ठरवून मालमत्ता जप्त केली. हे कमी भयानक आहे का? अजिबात नाही, तेवढ्या लोकसंख्येत हा आकडा प्रचंड आहे. पण 'लाखो' हा त्या काळच्या प्रचारपत्रकांचा माल आहे, तो चारशे वर्षांनी आपण फुकट का वाटायचा?

आणि दुसरी बाजूही सांगा की मग. ९ जुलै १५७२ ला ब्रील गावात बंडखोरांच्या 'समुद्री भिकारी' टोळीने गोर्कम गावातून पकडलेल्या १९ कॅथलिक पाद्री-भिक्षूंना एका कोठारात लटकवलं, पाद्र्यांना हात लावू नका असे विल्यमचे आदेश असताना. हे फॉरवर्डमध्ये कधी येत नाही.

'दहा टक्के टॅक्स वसूल केला.' वसूल झालाच नाही, मजा तिथेच आहे. आल्बाला सैन्याचा पगार भागवायला पैसा हवा होता म्हणून १५६९ मध्ये त्याने तीन कर मांडले: मालमत्तेवर एकदाच एक टक्का, जमीनविक्रीवर पाच टक्के, आणि बाकी प्रत्येक विक्रीवर दहा टक्के. पहिला मिळाला. दहावाला कर प्रांतांनी ठोक रक्कम देऊन दोन वर्षं टाळला, मग आल्बाने तो लादायचा प्रयत्न केला तर ब्रसेल्समधल्या दुकानदारांनी दुकानंच बंद ठेवली. कराचा पैसा आला नाही पण राग मात्र पूर्ण जमा झाला, आणि त्यात कॅथलिक व्यापारी पुढे होते. त्याच सुमारास, १ एप्रिल १५७२ ला, इंग्लंडच्या एलिझाबेथने आपल्या बंदरांतून हाकललेले हे समुद्री भिकारी खायला काही मिळेल का बघत ब्रीलला आले, आणि तिथे नेमकी शिबंदी नव्हती. मोठी योजना वगैरे काही नाही.

सैनिकांच्या पगाराचं पुढे काय झालं तेही महत्त्वाचं आहे कारण बंडाला खरं बळ तिथून आलं. १५७५ मध्ये फिलिपचं दिवाळं निघालं, पगार थकले, आणि ४ नोव्हेंबर १५७६ ला त्याच्याच सैन्याने अँटवर्प लुटलं, हजारो माणसं मारली. अँटवर्प तेव्हा राजाच्याच बाजूचं शहर! चार दिवसांत गेन्टला तह झाला, त्यात कॅथलिक प्रांत आणि बंडखोर हॉलंड-झीलंड एकत्र येऊन म्हणाले की आधी हे परके सैनिक बाहेर काढा, धर्माचं नंतर बघू.

ही एकी मोडली कशी? तर गेन्टमध्ये कट्टर कॅल्विनपंथीयांनी शहर ताब्यात घेऊन मठ लुटले, कॅथलिक पूजा बंद पाडली, आणि दक्षिणेचे सरदार घाबरून जानेवारी १५७९ मध्ये अरासला वेगळे झाले. मग फिलिपचा सेनापती फार्नेसेने एकेक शहर परत घेतलं, १७ ऑगस्ट १५८५ ला अँटवर्प पडलं. तिथल्या प्रोटेस्टंटांना निघून जायला चार वर्षं दिली आणि शहराची वस्ती जवळपास निम्मी झाली, ती माणसं, त्यांचं भांडवल, त्यांची कला हॉलंडला गेली. म्हणजे अँटवर्प-गेन्ट हे प्रोटेस्टंटांचे अड्डे आज कॅथलिक बेल्जियममध्ये आहेत, आणि जिथे सुरुवातीला ते तुरळक होते तो हॉलंड प्रोटेस्टंट झाला. नद्या आणि तोफा जिथे अडल्या तिथे सीमा आली, आणि लोकांचा धर्म बऱ्याच अंशी त्या सीमेनंतर ठरला. फॉरवर्डने हाच क्रम उलटा लावलाय.

'राजेशाही झुगारून प्रजासत्ताक आणलं.' २६ जुलै १५८१ च्या ठरावात फिलिपला नाकारलं, राजा प्रजेसाठी असतो, प्रजा राजासाठी नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलंय आणि ते वाक्य खरंच मोठं आहे. पण त्याच वेळी हे लोक नवीन राजा शोधत होते! आधी आंजूचा ड्यूक, फ्रान्सच्या राजाचा भाऊ, तोही कॅथलिक, त्याने १५८३ मध्ये अँटवर्पच हिसकावायचा प्रयत्न करून स्वतःचं हसं करून घेतलं. १५८४ ला विल्यमचा डेल्फ्टमध्ये खून झाला, मग फ्रान्सच्या राजाला विचारलं, नाही म्हणाला. एलिझाबेथला विचारलं, तिनेही मुकुट नाकारून आपला सरदार लेस्टरला पाठवलं, त्याचंही जमलं नाही. दोन वर्षांत तोही परत गेला, आणि प्रांत म्हणाले जाऊदे, आपलं आपणच बघू.

'जगात पहिल्यांदा सर्वांना धर्मस्वातंत्र्य.' पहिल्यांदा नाही, ट्रान्सिल्व्हेनियात १५६८ ला आणि पोलंडमध्ये १५७३ ला असे ठराव झाले होते. बंडखोर प्रांतांनी उट्रेख्तला केलेल्या १५७९ च्या करारातलं तेरावं कलम सांगतं की धर्मावरून कोणाची चौकशी किंवा छळ होणार नाही, आणि ते त्या काळात फार मोठं होतं, मान्य. पण ते मनातल्या श्रद्धेला संरक्षण, उघड पूजेला नव्हे. हॉलंडमध्ये कॅथलिकांची जाहीर मास (चर्चमधली मुख्य पूजा) १५७३ पासूनच बंद होती. मग ती व्हायची कुठे? घरात. ॲम्स्टरडॅममध्ये एका कॅथलिक व्यापाऱ्याने १६६३ पर्यंत आपल्या घराच्या माळ्यावर अख्खं चर्च बांधून घेतलं, ते आज म्युझियम आहे, बाहेरून बघितलं तर साधं कालव्याकाठचं घर. गल्लीतल्या सगळ्यांना माहीत, अधिकाऱ्यालाही माहीत, आणि त्याला दर वर्षी रक्कम पोचायची, म्हणजे सरळ हप्ता. सतराव्या शतकातही लोकसंख्येचा निदान तिसरा हिस्सा कॅथलिकच होता, आणि उत्तर ब्राबांटसारखे कॅथलिक भाग तर हेगमधून चालवले जायचे, त्यांना मत नाही. प्रोटेस्टंटांनी आपसात तरी सहन केलं का? १६१९ मध्ये दैवनियतीच्या (कोणाला मोक्ष मिळणार हे देवाने आधीच ठरवलंय का या) वादातून पेटलेल्या राजकारणात ओल्डेनबार्नेफेल्ट या सत्तरी ओलांडलेल्या पुढाऱ्याचं डोकं उडवलं, ज्याने हे प्रजासत्ताक उभं केलं त्याचंच.

राहिला गोवा. १५८१ पासून फिलिप पोर्तुगालचाही राजा झाला, त्यामुळे गोवा शत्रूचा मुलूख हे बरोबर. पण त्याच काळात हार्लेमचा लिन्सकोटेन नावाचा कॅथलिक डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपचा सेक्रेटरी म्हणून पाच वर्षं राहिला, नंतर त्याने मिरी-मसाल्याच्या वाटांची माहिती छापली, आणि १६०२ ला निघालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीला ती कामाला आली. १६३६ पासून कंपनीची जहाजं दर हंगामात गोव्याच्या तोंडाशी नाकाबंदी करायची, आणि या ताफ्याला रसद मिळावी, गोव्यावर नजर ठेवता यावी म्हणून विजापूरच्या परवानगीने वेंगुर्ल्याला वखार घातली. आता १६४० ला पोर्तुगालने स्वतःच स्पेनविरुद्ध बंड केलं, म्हणजे शत्रू एकच झाला, १६४१ ला हेगमध्ये शस्त्रसंधीवर सह्याही झाल्या. धर्मयुद्ध किंवा स्पेनविरोध हे कारण असतं तर नाकाबंदी तिथे उठायला हवी होती. ती चालली १६४४ पर्यंत, कारण सिलोनमधल्या गालच्या आसपासची दालचिनीची जमीन कोणाची यावर कंपनीचं समाधान झालं नव्हतं.