मिल्क ऑफ मॅग्नेशियाने किडनी धुऊन निघत नाही

रविवारी नेरुळला आत्याकडे गेले तर देवघराशेजारी पांढरी बाटली. झाकणाभोवती चुन्यासारखा थर वाळलेला आणि लेबलवर बॉलपेनने मारलेल्या पंधरा रेघा, रोज रात्री एक. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेलं: ‘मिल्क ऑफ मॅग्नेशिया दुधापासून बनतं, रोज दोन झाकणं आयुष्यभर घ्या, आतडी आणि किडनी धुऊन निघतात, कुठल्याही गोळीबरोबर चालतं.’ आत्या ७३ वर्षांची, जुना मधुमेह, रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी थकलेली. “अगं, दूधच आहे ते,” म्हणाली.

दुधाचा त्यात थेंब नाही. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडची पूड पाण्यात फारशी विरघळत नाही, म्हणून ते दुधासारखं दिसतं. बाटली हलवून घ्यायची ती त्यासाठीच.

पोट साफ होतं, हे मान्य. आतड्यात पाणी ओढलं जातं आणि अर्ध्या ते सहा तासांत जुलाब होतो. ॲसिडिटीही शमते. पण रोज, आयुष्यभर? अमेरिकेत या बाटलीवरच छापलेलं असतं की जुलाबासाठी सात दिवसांपेक्षा जास्त घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि किडनीचा आजार असेल तर घेण्याआधीच विचारा.

किडनीचं वाचून तर माझं डोकंच फिरलं. रक्तात गेलेलं मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम किडनीचंच. ती थकलेली असली की ते रक्तात साठत जातं. आधी मळमळ, गुंगी, हातापायांतलं बळ जाणं. मग रक्तदाब उतरतो, हृदयाचे ठोके मंदावतात, श्वासही अडू शकतो. म्हातारं माणूस दिवसभर पेंगायला लागलं तर आपण ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो ना! जपानमध्ये बद्धकोष्ठावर याच्याच जातीचं मॅग्नेशियम ऑक्साइड सर्रास देतात. तिथल्या औषध नियामकांनी २०१५ मध्ये इशारा दिला, की किडनी ठीक असलेल्या वृद्धांमध्येही हा त्रास गंभीर होऊ शकतो. मग आत्याचं काय?

गोळ्यांचंही खोटं. थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी, काही अँटिबायोटिक्स यांचं शोषण यामुळे कमी होतं. थायरॉइडच्या गोळीत आणि यात चार तासांचं अंतर ठेवतात.

बाटली मी उचलून आणली. सोमवारी आत्याचं रक्त दिलं, डॉक्टरांनी मॅग्नेशियमही तपासायला लिहून दिलंय. मंडळातल्या आणखी चौघींनी बाटल्या आणल्यात आणि त्यांतल्या एकीचं डायलिसिस सुरू आहे. तिला आत्याने माझ्यासमोरच फोन लावला.