डॉक्टर बोलतात कोणाशी?

मध्य प्रदेश सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके भोपाळमध्ये प्रकाशित केली आणि तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर वर ‘श्री हरि’ लिहून औषधे हिंदीत लिहिण्याची सूचना केली. इंदूरला फोन लावला की हा विषय आजही अधूनमधून निघतो. रामबागेतले आमचे काका त्याचे खंदे समर्थक आहेत, तर तिथेच दवाखाना चालवणारी मावसबहीण विरोधक. इंग्लंडमध्ये राहून हा वाद ऐकताना वाटते की दोघेही कागदावर भांडत आहेत आणि रुग्ण बाजूलाच राहिला आहे.

आपल्याकडे आजी समोर बसलेल्या असतात आणि डॉक्टर त्यांच्या मुलाशी बोलतात. निदान गंभीर असेल, तर आजींना बाहेर बसवले जाते. हे मायेपोटी घडते, हे मान्य आहे. पण दुपारी घरात एकट्या असताना चक्कर आली, तर पुढची गोळी घ्यायची की आधी कोणाला विचारायचे, हे मुलाला नव्हे, आजींनाच ठाऊक असायला हवे.

ब्रिटनमधील ‘रॉयल कॉलेज’ म्हणवणाऱ्या डॉक्टरांच्या व्यावसायिक संस्थांच्या अकादमीने 2018 मध्ये तज्ज्ञांना सुचवले की तपासणीनंतरचे पत्र थेट रुग्णाला, त्याला समजेल अशा शब्दांत लिहावे आणि त्याची प्रत त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना पाठवावी. इंग्रजी येत नसेल, तर दुभाषा सरकारी खर्चाने मिळतो. नातेवाइकाला शक्यतो ते काम देत नाहीत, कारण वाईट बातमी सौम्य करून सांगण्याचा मोह घरच्यांनाच अधिक होतो. कायदाही त्याच बाजूला झुकला आहे. माँटगोमेरी खटल्यात 2015 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कोणता धोका सांगायचा, याचे माप रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे काय, हे असावे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात संमतीवाचून केलेली शस्त्रक्रिया अमान्य केली खरी, परंतु माहिती किती द्यावी, याचे माप बहुतांशी वैद्यकीय व्यवसायातील रूढ पद्धतीवरच सोडले.

अर्थात इंग्लंडमधले सारेच अनुकरणीय नाही. तज्ज्ञाकडे पाठवल्यापासून अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत, हे उद्दिष्ट कित्येक वर्षे गाठले गेलेले नाही, आणि सुबक पत्र हाती येईपर्यंत माणूस काळजीने अर्धा होतो. इंदूरमध्ये त्याच दिवशी संध्याकाळी तज्ज्ञ भेटतो, हे सुख मोठे आहे.

भारतात 2019 पासून संवादाचे प्रशिक्षण एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आहे; नवे डॉक्टर त्यामुळे बदलतीलही. बहीण म्हणते की बाहेर रांग असताना समजावत बसायला वेळ नाही. मग निघण्यापूर्वी रुग्णाकडूनच “घरी जाऊन कोणती गोळी केव्हा घेणार, ते सांगा बरं” असे वदवून घेण्याचे काम तिने कंपाउंडरला शिकवावे, आणि उत्तर चुकले तरच रुग्णाला पुन्हा आत बोलवावे.