काब्वे वॉरियर्स, १०७ गोल आणि ‘बनावट विक्रमा’चा आरोप

९ डिसेंबर २०१२ रोजी लिओनेल मेस्सीने रेआल बेटिसविरुद्ध दोन गोल करून जर्मनीच्या गेर्ड म्युलरचा एका वर्षात ८५ गोलांचा, १९७२ मधील टप्पा ओलांडला आणि वर्षअखेरीस मेस्सीच्या गोलांची संख्या ९१ झाली. त्याच सुमारास झांबियाच्या फुटबॉल संघटनेने जाहीरपणे सांगितले की, काब्वे वॉरियर्स या क्लबच्या गॉडफ्रे चितालूने त्याच १९७२ साली १०७ गोल केले होते. तेव्हापासून फुटबॉलप्रेमींमध्ये एक प्रत्युत्तर फिरत आले आहे. मेस्सी गाजल्यावर हा आकडा रचला गेला, फिफाने तो फेटाळला, कुठल्याशा लहान गावाच्या क्लबने दुबळ्या संघांवर केलेल्या गोलांना किंमत नसते, आणि हे खरे असते तर चितालू स्वतः बोलला असता, असा त्याचा आशय. यातला एकही मुद्दा तपासणीत टिकत नाही, आणि एका क्लबचा खरा इतिहास त्यामुळे थट्टेचा विषय होतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

फिफाने दावा फेटाळला, हे विधान सर्वांत जास्त वेळा ऐकू येते आणि तेच सर्वांत चुकीचे आहे. देशांतर्गत स्पर्धांच्या नोंदी आपण ठेवत नाही, त्यामुळे या आकड्याची खातरजमा करता येत नाही, एवढेच फिफाने सांगितले होते. हा आकडा खोटा असल्याचा निर्वाळा नव्हे. शिवाय हेच उत्तर म्युलर आणि मेस्सी यांनाही तितकेच लागू होते, कारण त्यांचे बहुसंख्य गोल बुंडेसलीगा (जर्मनीची लीग), ला लीगा (स्पेनची लीग) आणि त्या त्या देशांतल्या चषकांतले आहेत. ‘एका वर्षातील सर्वाधिक गोल’ असा फिफाचा अधिकृत विक्रमच नाही. मेस्सीच्या ९१ गोलांना मान्यता दिली ती विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या गिनीजने. त्याच दिवसांत ब्राझीलच्या फ्लामेंगो क्लबनेही झिकोच्या १९७९ मधील ८९ गोलांची आठवण करून दिली होती. तेव्हा संशयाची सगळी धार केवळ झांबियाकडेच वळावी, हे मला अन्यायाचे वाटते.

आकडा चाळीस वर्षांनी पुढे का आला, हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर सरळ आहे. जानेवारी ते डिसेंबर अशी गोलांची बेरीज करण्याची चर्चा २०१२ पूर्वी जगभर कधी गाजलीच नव्हती. युरोपातील हंगाम दोन वर्षांत विभागलेला असतो आणि तिथले खेळाडू हंगामावरूनच मोजले जातात; म्युलरचे ८५ गोलही सामान्य प्रेक्षकाला आठवले ते मेस्सी त्यांच्या जवळ पोहोचल्यावर. झांबियात मात्र त्या काळी हंगाम एकाच वर्षात सुरू होऊन संपत असे, त्यामुळे हंगामाचे गोल आणि वर्षाचे गोल यांत फारसा फरक उरत नसे. संघटनेने दावा मांडून हात झटकले असेही झाले नाही. जुनी दप्तरे चाळून प्रत्येक गोल मिनिटानिशी नोंदवण्याचे काम तिने एका स्वतंत्र गटाकडे सोपवल्याचे जाहीर केले होते. हे सगळे गोल एकट्या लीगचे नव्हते, चषक आणि इतर स्पर्धांतलेही त्यात होते, ही गोष्ट दोन्ही बाजूंचे लोक विसरतात.

आता ‘लहान गावाचा क्लब’ या आक्षेपाकडे येऊ. इथे जरा थांबायला हवे, कारण झांबियाच्या फुटबॉलची घडणच या आक्षेपाला ठाऊक नाही. काब्वेचे वसाहतकाळातील नाव ब्रोकन हिल. १९०२ मध्ये तिथे शिसे आणि जस्ताचा साठा सापडला आणि ऑस्ट्रेलियातील तशाच खाणींच्या गावावरून हे नाव पडले. १९०६ मध्ये दक्षिणेकडून रेल्वे तिथवर पोहोचली. १९२१ मध्ये याच खाणीत आदिमानवाची ती प्रसिद्ध कवटी मिळाली, जिच्यामुळे मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत गावाचे नाव कायमचे गेले. १९६४ मध्ये देश स्वतंत्र झाल्यानंतर गावाचे नाव काब्वे झाले आणि ब्रोकन हिल वॉरियर्स हा क्लब काब्वे वॉरियर्स झाला. झांबिया रेल्वेचे मुख्यालय याच गावात आहे आणि क्लबला आधार होता तो रेल्वेचा. नोकरी, मैदान आणि प्रवास यांची सोय उद्योगाने करायची आणि खेळाडूंनी गावाचे नाव राखायचे, ही पद्धत काब्वेपुरती नव्हती. उत्तरेकडील कॉपरबेल्ट या तांब्याच्या पट्ट्यात मुफुलिरा, लुआन्श्या, किटवे, चिंगोला या प्रत्येक गावात खाणीच्या पाठबळावर उभे राहिलेले तगडे क्लब होते.

राष्ट्रीय लीग सुरू झाली १९६२ मध्ये. त्या वर्षापासून १९७२ पर्यंतच्या अकरा विजेतेपदांपैकी पाच मुफुलिरा वॉन्डरर्सने आणि चार काब्वे वॉरियर्सने, म्हणजे १९६८, १९७०, १९७१ आणि १९७२ ची, जिंकली. उरलेल्या दोनपैकी एक लुआन्श्याच्या रोन युनायटेडला आणि राजधानी लुसाकाच्या वाट्याला अवघे एक, १९६४ चे. याचा अर्थ असा की, लहान गावे ही त्या देशाच्या फुटबॉलची कडेची जागा नव्हती, तोच त्याचा गाभा होता. काब्वेला ‘आडगाव’ म्हणून बाजूला सारणारा माणूस युरोपचा नकाशा आफ्रिकेवर ठेवून पाहतो आहे.

प्रतिस्पर्धी दुबळे होते, हेही याच आकड्यांसमोर टिकत नाही. या लीगमधून घडलेल्या खेळाडूंच्या बळावर झांबियाने १९७४ मध्ये आफ्रिकी राष्ट्र चषकात पहिल्यांदा भाग घेतला आणि थेट अंतिम फेरी गाठली. तिथे झैरेशी (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) २-२ बरोबरी झाली आणि पुन्हा खेळवलेल्या सामन्यात झांबिया ०-२ ने हरला. तोच झैरे त्या वर्षी विश्वचषकात खेळला. राष्ट्रीय संघाकडून चितालूच्या नावावर ७९ गोल सांगितले जातात. केवळ दुबळ्या क्लबांच्या बचावफळ्या फोडून कोणी तिथवर पोहोचत नाही. बुंडेसलीगा आणि झांबियाची लीग यांचा दर्जा सारखा होता, असे मी म्हणत नाही. गोल किती कठीण परिस्थितीत झाले हा एक प्रश्न आहे आणि ते झाले की नाही हा वेगळा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन दुसरा निकालात काढता येत नाही.

मात्र चितालूच्या बाजूने बोलणारे काही जण ‘मेस्सीचा विक्रम रद्द झाला’ असे लिहितात, तेव्हा तेही तितकेच चुकतात. असे काही घडलेले नाही. १०७ हा झांबियाच्या संघटनेने मांडलेला आकडा आहे आणि त्याच शब्दांत तो उद्धृत करायला हवा.

चितालू स्वतः का बोलला नाही, हा आक्षेप मला सर्वांत जास्त खटकतो. २७ एप्रिल १९९३ रोजी सेनेगलविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्यासाठी निघालेले झांबियाच्या हवाई दलाचे विमान गॅबनमधील लिब्रव्हिल येथे इंधन घेऊन उडाल्यावर लगेच समुद्रात कोसळले. विमानातले तीसही जण मरण पावले, त्यांत अठरा खेळाडू होते. संघाचा प्रशिक्षक होता गॉडफ्रे चितालू, वय ४५. मेस्सीने बेटिसविरुद्ध ते दोन गोल केले, तेव्हा त्या अपघाताला एकोणीस वर्षे उलटून गेली होती.