टाकळ्याच्या नावाखाली कासविंदा खायला सांगणारा मजकूर

'टाकळा : गरिबाची संजीवनी' अशा मथळ्याचा लांबलचक मजकूर सध्या नाशिकमधल्या अनेक कौटुंबिक व्हॉट्सॲप समूहांवर फिरत आहे. टाकळा या पावसाळी रानभाजीच्या बियांची कच्ची पूड रोज उपाशीपोटी एक चमचा घेतल्यास मधुमेह मुळापासून जातो, टाकळा न मिळाल्यास 'तसाच पिवळ्या फुलांचा' कासविंदा चालतो, पानांच्या रसाने नायटा कायमचा बरा होतो आणि परदेशी कंपन्या हे बी गुपचूप उचलून नेतात, असे त्याचे सार आहे. आमच्या मावशींनी तो वाचून मधुमेहाची गोळी परस्पर एक दिवसाआड केली आणि पाथर्डी फाट्याजवळच्या मोकळ्या भूखंडावरून पिशवीभर शेंगा तोडून आणल्या, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मावशींच्या पिशवीतल्या निम्म्याहून अधिक शेंगा टाकळ्याच्या नव्हत्याच. टाकळ्याची शेंग लांब, बारीक आणि विळ्यासारखी वाकलेली असते आणि तिच्यातले बी चकचकीत, तिरक्या चौकोनासारखे असते. कासविंद्याची शेंग चपटी असून तिच्या कडा फिकट दिसतात. पाने पाहिली तर फरक आणखी स्पष्ट होतो : टाकळ्याच्या पानाला गोलसर टोकाच्या पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानांच्या, सहसा तीन जोड्या असतात, तर कासविंद्याला चार ते सहा जोड्या असून प्रत्येक पर्णिकेचे टोक अणकुचीदार असते. पेठ-सुरगाण्याकडून भाजी घेऊन येणाऱ्या बायकांना हे कोणी शिकवावे लागत नाही. चुकतो तो शहरात बसून मजकूर पुढे ढकलणारा.

ही चूक किरकोळ नाही. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना अचानक उलट्या, झटके आणि बेशुद्धी येऊन ती दगावत, आणि तो मेंदूज्वर असावा असेच बराच काळ मानले जात होते. वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'इंडियन पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात दाखवून दिले की, या मुलांना कासविंद्याची विषबाधा झाली होती; यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर त्याचा घाला पडतो. काही देशांत कासविंद्याचे बी भाजून कॉफीसारखे पितात हे खरे आहे, परंतु भाजल्याने त्याचा विषारीपणा कमी होतो, आणि हा मजकूर तर कच्च्या पुडीचा आग्रह धरतो. 'नैसर्गिक आहे, अपाय होणारच नाही' असे म्हणणाऱ्यांनी धोतराही नैसर्गिकच आहे हे आठवावे.

मधुमेहाविषयी फार लिहिण्यासारखे काही नाही. टाकळ्याच्या अर्काचे प्रयोगशाळेत उंदरांवर काही प्रयोग झाले आहेत. तेवढ्यावरून कोणा माणसाची गोळी बंद करता येत नाही.

नायट्याच्या बाबतीत मात्र थोडे मान्य करावे लागते. आयुर्वेदात टाकळ्याला चक्रमर्द आणि दद्रुघ्न म्हणतात, आणि बी लिंबाच्या रसात वाटून नायट्यावर लावण्याची रीत जुनी आहे. तो लेप आहे, पोटात घेण्याचा चमचा नव्हे, आणि 'कायमचा' हा शब्द मजकूर लिहिणाऱ्याच्या पदरचा आहे.

टाकळ्याच्या भाजीशी माझे काहीच भांडण नाही. पहिल्या पावसानंतरची, फुलावर येण्याआधीची कोवळी पाने खुडून, कांदा, लसूण आणि भिजवलेली हरभरा डाळ घालून परतलेली भाजी जरूर खावी. पोट किंचित सैल होते, एवढे लक्षात ठेवावे.

राहता राहिला परदेशी कंपन्यांचा मुद्दा. टाकळ्याच्या बियांपासून डिंकासारखा पदार्थ तयार होतो, तो कुत्र्यामांजरांच्या डबाबंद खाद्यात वापरला जातो आणि भारतातून निर्यातही होतो. यात गुपित काहीच नाही. युरोपीय संघात 'ई ४२७' या क्रमांकाने तो माणसांच्या खाद्यपदार्थांतही चालतो, पण ज्या बियांपासून तो काढायचा त्यांत कासविंद्याचे प्रमाण ०.०५ टक्क्याहून कमी असले पाहिजे, अशी तिथली अट आहे. कंपन्यांच्या नावाने बोटे मोडणारा हा मजकूर तोच कासविंदा चमचाभर आणि रोज घ्यायला सांगतो.