रात्री दोनचा लोड

पुण्यात एका ऑफिस कॉम्प्लेक्सची देखभाल बघणारा माझा वर्गमित्र मागच्या महिन्यात मला न्यूयॉर्कला फोन करून तावातावाने बोलत होता. "अगं, तुमच्याकडे वीज कंपनी ऑडिटचे पैसे देते. आमच्याकडे मात्र ऑडिट सक्तीचं करा म्हणतात आणि खर्च आमच्या माथी. महावितरणने निम्मे पैसे द्यावेत, मग बघ लोक कशा रांगा लावतात."

ऑडिट म्हणजे इमारतीत वीज कुठे वाया जाते याची तपासणी. हा वाद त्याच्या एकट्याचा नाही. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, आणि १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या इमारतींसाठी ऊर्जा संहितेचा, म्हणजे इमारत कमी विजेत चालेल अशी बांधण्याच्या नियमांचा, विषय पुन्हा ऐरणीवर आला. पण संहितेचा भर नव्या बांधकामावर. आधीच उभ्या असलेल्या मॉल, हॉस्पिटल, आयटी पार्क यांचं काय करायचं, ऑडिट सक्तीचं करायचं की अनुदानाने गोडी लावायची, यावर तिकडे दोन तट आहेत. आणि दोन्ही तट दाखला देतात तो आमच्या इकडचाच.

मी गेली बारा वर्षं न्यूयॉर्कमध्ये व्यापारी इमारतींची एनर्जी ऑडिटं करते. त्यामुळे मित्राला मी जे फोनवर घाईघाईत सांगितलं, ते इथे नीट मांडावंसं वाटतं: आमच्याकडचा अनुदानाचा चेक उचलून नेऊ नका. त्या चेकमागे जो हिशेब आहे, तो न्या. तो हिशेब नसेल तर चेक फुकट जाईल.

आधी चेकबद्दल. न्यूयॉर्क राज्यात ऑडिटच्या खर्चात वाटा उचलणारी जुनी योजना आहे, फ्लेक्सटेक नावाची. राज्याची ऊर्जा संस्था, नायसर्डा, ती चालवते. साधारणपणे अभ्यासाचा निम्मा खर्च ती देते. शिवाय कॉन एडिसनसारखी वीज कंपनी ऑडिटनंतर प्रत्यक्ष बदललेल्या यंत्रांवर आणि वाचलेल्या युनिटवर वेगळे पैसे देते. हा पैसा आकाशातून पडत नाही. माझ्या घरच्या लाईट बिलावरही 'सिस्टिम बेनिफिट चार्ज' म्हणून एक ओळ असते, त्यातून या योजनांना पैसा जातो. म्हणजे एका खोलीत राहणारा भाडेकरूही मॅनहॅटनच्या टॉवरच्या ऑडिटला हातभार लावतो. हे मला आजही खटकतं, आणि इथे ते अनेकांना खटकतं. शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या नियामकाने अशाच योजनेच्या तीन वर्षांच्या आराखड्यातून ५० कोटी डॉलर कापले, कारण हिवाळ्याची बिलं बघून लोक चिडले होते. तेव्हा 'अमेरिकेत सगळे आनंदाने देतात' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पण वीज कंपनी स्वतःचा माल कमी विकायला पैसे का देते? खरी गोष्ट इथे आहे. कॅलिफोर्नियाने १९८२ साली विजेच्या बाबतीत एक तोड काढली, जिला इथे डीकपलिंग म्हणतात. कंपनीला वर्षाला किती उत्पन्न मिळायला हवं हे नियामक आधी ठरवतो. युनिट कमी विकले गेले आणि उत्पन्न घटलं, तर फरक पुढच्या दरात भरून मिळतो. युनिट जास्त विकले गेले तर जादा पैसा ग्राहकांना परत जातो. न्यूयॉर्कमध्येही आता हीच पद्धत आहे. युनिट वाचलं म्हणून कंपनीच्या पोटाला चिमटा बसत नाही. म्हणून कॉन एडिसनचा माणूस माझ्याबरोबर बॉयलर रूममध्ये उतरतो, तेव्हा त्याच्या मनात चोर नसतो.

आता महावितरणच्या जागी उभं राहून बघा. व्यापारी ग्राहकाचा दर सरासरी पुरवठा खर्चाच्या बराच वर आहे. घरगुती लहान ग्राहक आणि कृषिपंप यांचा भार ज्या खांद्यांवर टाकलाय, त्यातला एक खांदा हाच. ही क्रॉस सबसिडी कमी करा, दर सरासरी खर्चाच्या वीस टक्के वर-खाली या पट्ट्यात आणा, असं राष्ट्रीय दरधोरण कधीपासून सांगतंय. माझ्या मित्राच्या कॉम्प्लेक्सने शंभर युनिट वाचवले, तर महावितरणच्या हातून सगळ्यात महागडे शंभर युनिट जातात. आणि त्या बदल्यात वाचतो तो फक्त इंधनाचा खर्च. वीज प्रकल्पांशी केलेल्या दीर्घ करारांतला स्थिर आकार वीज घेतली नाही तरी द्यावाच लागतो. आधीच मोठे ग्राहक ओपन ॲक्सेस, म्हणजे दुसऱ्या विक्रेत्याकडून थेट वीज घेणं, आणि छपरावरच्या सौर ऊर्जेकडे निघालेत. अशा वेळी कंपनीने उरलेल्या चांगल्या ग्राहकाला हाताला धरून कमी वीज वापरायला शिकवावं, ही अपेक्षा व्यवहाराच्या विरुद्ध आहे. अधिकाऱ्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्या खुर्चीत मी असते तर मीही ती फाईल खाली ठेवली असती.

कागदावर महाराष्ट्र मागे नाही, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. राज्य विद्युत नियामक आयोगाने मागणी व्यवस्थापनाचे, म्हणजे ग्राहकाचा वीजवापर आटोक्यात आणण्याच्या कार्यक्रमांचे, विनियम २०१० सालीच काढले. अशा कार्यक्रमाचा खर्च वीज कंपनीला दरातून वसूल करता येतो, म्हणजे चेक लिहायला कायद्याची आडकाठी तेव्हापासूनच नाही. मुंबईत खासगी कंपन्यांनी जुने पंखे आणि एसी बदलण्यासाठी सवलती दिल्याही. 'ट्रू-अप'सुद्धा आहे. उत्पन्नातली तूट आयोग नंतर भरून देतो, म्हणजे एका अर्थी डीकपलिंगच. पण ते 'नंतर' कधी उजाडेल याचा भरवसा नाही. इकडे हा फरक ठरावीक काळाने आपोआप मिटतो. तिकडे तो पुढच्या दरवाढीच्या याचिकेत जाऊन बसतो, त्यावर हरकती येतात, पुनर्विचार होतो, कोर्टकचेरी होते. तोवर रोख पैसा अडकतो तो कंपनीचा. हातात रोख नसलेल्या कंपनीला उद्याच्या ट्रू-अपचं आश्वासन पुरत नाही.

ऑडिटच्या कागदाबद्दलही बोलायला हवं, कारण तो माझा रोजचा धंदा आहे. न्यूयॉर्क शहराच्या २००९ च्या लोकल लॉ ८७ नुसार ५० हजार चौरस फुटांहून मोठ्या इमारतीला दर दहा वर्षांनी ऑडिट सक्तीचं आहे. तुमचं वर्ष कोणतं, ते कर खात्यातल्या ब्लॉक नंबरच्या शेवटच्या आकड्यावरून ठरतं. मी असे कितीतरी अहवाल लिहिले. त्यातले पुष्कळ मुदतीच्या आत दाखल झाले आणि कपाटात गेले. दहा वर्षांनी त्याच इमारतीत गेले तेव्हा आधीच्या ऑडिटरने लिहिलेल्याच सूचना मी पुन्हा लिहिल्या. खरा बदल झाला तो २०१९ च्या लोकल लॉ ९७ मुळे. २५ हजार चौरस फुटांवरच्या इमारतींना कार्बनची मर्यादा आली, आणि २०२४ पासून मर्यादेवरच्या प्रत्येक टनाला २६८ डॉलर दंड लागू झाला. त्यानंतर मालकांचे मला फोन यायला लागले ते "अहवाल कधी मिळेल" असं विचारायला नव्हे, तर "पान सतराचं काम आधी करू की पान वीसचं" असं विचारायला. ऑडिटला अनुदान त्याआधीही होतं. फरक पडला तो अहवाल न उघडण्याची किंमत मोजावी लागायला लागल्यावर.

म्हणून मित्राला मी म्हटलं, "अनुदान राहू दे बाजूला. तुझा लोड प्रोफाईल पाठव, कोणत्या वेळी किती वीज ओढली जाते त्याची नोंद." उच्चदाब ग्राहकाच्या मीटरमध्ये दर पंधरा मिनिटांची नोंद असते. त्याने दोन आठवड्यांची फाईल मिळवून पाठवली. मी थेट रात्री दोनवर गेले. वॉचमन सोडला तर इमारतीत कुणी नाही, आणि लोड दुपारच्या जवळजवळ एक तृतीयांश. सर्व्हर रूम, आणीबाणीचे दिवे, लिफ्टची तयारी सगळं धरलं तरी एवढा लोड बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो फोनवर व्हिडिओ चालू ठेवून तळघरात उतरला. एसीसाठी पाणी थंड करणारा चिलर बंद होता, पण थंड पाण्याचे दोन्ही पंप धडधडत होते. कुणीतरी केव्हातरी व्हीएफडी, म्हणजे पंपाचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, बायपासला टाकला होता, त्यामुळे पंप पूर्ण वेगाने फिरत होते. आणि पाणी जास्त होतं म्हणून पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद केलेला! व्हॉल्व्हच्या चाकाला सुतळी बांधली होती, कुणी फिरवू नये म्हणून. गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून ब्रेकवर पाय ठेवावा, तसा हा प्रकार. पंपाची वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग वीस टक्के उतरवला की वीज जवळजवळ निम्मी होते. मॅनहॅटनच्या पस्तीसाव्या मजल्यावर मी अशीच एक तार पाहिली आहे, बाहेरची हवा घेणारा डॅम्पर कायम उघडा ठेवण्यासाठी वळवलेली. ज्या दिवशी कुणाला उकडलं त्या दिवशी ती बांधली गेली, सोडायची राहून गेली.

अशा सुतळ्या अनुदानाने सुटत नाहीत. व्हीएफडी पुन्हा चालू करायला मित्राला खर्च जवळजवळ आलाच नाही. अडचण वेगळी होती. त्याच्या कॉम्प्लेक्समध्ये सामायिक विजेचं बिल भाडेकरूंमध्ये चौरस फुटांवर वाटलं जातं. बचत झाली तर ती भाडेकरूंची, मालकाला कशाला पडलीये? आणि तो स्वतः नोकरदार, पंप बंद केल्यावर सकाळी एका ऑफिसात गरम झालं तर बोलणी त्याला. हे त्रांगडं न्यूयॉर्कलाही आहे. इथे नव्या भाडेकरारांत त्यावर कलमं घालतात, तिकडेही घालता येतील. पण त्यासाठी आधी कुणालातरी रात्री दोनचा आकडा दिसला पाहिजे.

आणि तो आकडा महावितरणकडे आजही आहे. तो उच्चदाब बिलावर छापा, एवढंच मागणं आधी करावं असं मला वाटतं: रात्रीचा लोड दिवसाच्या किती टक्के, आणि तुमच्यासारख्या इतर इमारतींचा किती. याला अनुदान लागत नाही. त्यानंतर पैसे द्यायचेच तर ते ऑडिटच्या कागदावर देऊ नका, मीटरवर वाचलेल्या युनिटवर द्या, आणि तासाप्रमाणे द्या. दुपारी सौर वीज भरपूर असते तेव्हाचं वाचलेलं युनिट आणि संध्याकाळी सातचं युनिट यांची किंमत सारखी नाही. संध्याकाळच्या युनिटवर महावितरणलाही स्वस्तात सुटल्यासारखं होईल, कारण ती वेळ त्यांना महागात पडते.

क्रॉस सबसिडीचा प्रश्न उरतोच. सौर कृषी वाहिनी योजनेतून पंपांना दिवसा स्वस्त सौर वीज मिळेल आणि उद्योग-व्यापारावरचा भार हलका होईल, असं सरकारच सांगतंय. मग तो जितका हलका होईल, तितकं व्यापारी ग्राहकाचं युनिट वाचण्याचं महावितरणचं नुकसानही कमी होत जाईल. या दोन गोष्टी एकत्र मांडलेल्या मला अजून तिकडच्या चर्चेत दिसत नाहीत. शेतीची वीज एका फाईलमध्ये, इमारतींचं ऑडिट दुसऱ्या.

दरनिश्चितीच्या याचिकेवर कुणाही ग्राहकाला आयोगापुढे लेखी हरकत नोंदवता येते. मित्राने आणि मी मिळून मसुदा करायला घेतलाय. त्याच्या दोन आठवड्यांचा आलेख आम्ही पहिल्याच पानाला जोडणार आहोत, सुतळी सोडण्याआधीचा आणि नंतरचा. तो म्हणतो, खाली 'ऑडिटसाठी ५० टक्के अनुदान' हेही टाकूया, मागायला काय जातंय. त्यावरून आमचं अजून चाललंय.