"डुप्लिकेट छर्रे" या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी तीन आहेत. एक, दहा मीटरवर नीट लागणारा एअर गनचा छर्रा दिंडोरीच्या मळ्यात तीस मीटरवर ताटाएवढा फाकतो, म्हणजे माल डुप्लिकेट. दोन, छर्ऱ्यांची फोडलेली डबी आम्ही बदलून दिली नाही. तीन, द्राक्षावरची पाखरं आणि डुक्कर यांच्यासाठी टोकदार छर्रा मागितला तर काउंटरवरच्या मुलाने कायदा शिकवला.

पहिलीचं उत्तर तुमच्याच रिव्ह्यूत आहे. माल खराब असता तर दहा मीटरवरही फाकला असता. तुम्ही नेलेला छर्रा चपट्या तोंडाचा, 4.5 मिमी, 0.53 ग्रॅमचा. तो बनतोच दहा मीटरवरच्या कागदी टार्गेटसाठी. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे गुण मोजायला कागदात स्वच्छ गोल भोक पडावं लागतं आणि ते चपटं तोंडच पाडतं. पण हेच तोंड हवेला आडवं येतं. छर्ऱ्याचा वेग झपाट्याने उतरतो, वीस-पंचवीस मीटरच्या पुढे तो डुलायला लागतो, आणि मळ्यातला वारा त्याला बाजूला ढकलतो. शिवाय दहा मीटरला साइट जुळवलेली साधी स्प्रिंगची बंदूक तीस मीटरवर सात-आठ सेंटिमीटर खाली मारते. पण खाली लागणं वेगळं आणि फाकणं वेगळं. खाली लागत असेल तर साइट फिरवा, फाकत असेल तर छर्रा बदला.

पंचवीस-तीस मीटरसाठी गोल डोक्याचा घ्या, 0.51 ते 0.55 ग्रॅमचा. टोकदार छर्रा दिसायला जहाल, म्हणून खपतो; पण टोक केसभर जरी मध्यापासून सरकलेलं असलं तरी तो फिरताना भरकटतो. आम्ही तो मोजकाच ठेवतो, आणि कुणी विचारलं तर घेऊ नका असंच सांगतो.

वजनाइतकंच डोक्याचं माप बघा. चांगल्या डबीवर 4.49, 4.50, 4.51, 4.52 असं छापलेलं असतं. अंगठ्याच्या हलक्या दाबाने छर्रा नळीच्या मागच्या, भरायच्या तोंडाशी सपाट बसला की माप जुळलं. आपसूक आत घसरला तर सैल. दोनदा रेटावं लागलं तर घट्ट, आणि रेटताना मागचा पातळ घेर, म्हणजे स्कर्ट, वाकतो. हवेच्या दाबाने हा स्कर्ट फुलून नळीच्या आट्यांना, म्हणजे आतल्या पीळदार खाचांना, चिकटतो, तेव्हाच हवा अडते. तो एका बाजूने दबला की तिथून हवा निसटते आणि तो एक छर्रा भलतीकडेच जातो.

घरी तपासायचं तर आधी लाकडी दस्त्याचे स्क्रू घट्ट करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मग छर्रा भरताना नळी जिथे दुमडते त्या सांध्यावर टिश्यू पेपरचा तुकडा ठेवून रिकाम्या जागी एक फैर झाडा. कागद उडाला तर सांध्यातलं हवा अडवणारं सील गेलंय, छर्रे बदलून उपयोग नाही. सील ठीक असेल तर नवीन छर्ऱ्याचे पहिले दहा-पंधरा धरूच नका, नळी त्या शिशाला सरावू द्या. त्यानंतर पाच-पाचचे ग्रुप घ्या, म्हणजे एकाच ठिकाणी नेम धरून पाच छर्रे मारा आणि ते किती जवळ लागतात ते बघा. बंदूक तळहातावर सैल ठेवा. स्प्रिंगची बंदूक आवळून धरली की दर वेळी वेगळी उडते. आणि नळीत तेल घालू नका. तेल पेटतं, फटाक्यासारखा आवाज येतो, धूर निघतो, गिऱ्हाइकाला वाटतं ताकद वाढली. जाते मात्र स्प्रिंग आणि सील. स्टीलच्या गोळ्याही नकोत, आट्या खरवडून काढतात.

आता डबी. फोडलेली आम्ही कुणाचीच घेत नाही. शिसं मऊ असतं, डबी एकदा हातातून पडली की काही स्कर्ट अंडाकृती होतात आणि ते सहज दिसत नाही. तसा माल पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात कसा मारायचा? तुम्ही टाकलेल्या फोटोत झाकणाच्या कडेला पोचा स्पष्ट दिसतोय. काचेवर छर्रे एकेक सोडून बघा. चांगला छर्रा गोल वळण घेत घरंगळतो, दबलेला अडखळत थांबतो. सीलबंद डबी बिलासह आणली तर कधीही बदलून मिळेल.

तिसऱ्या मुद्द्यावर आमचा मुलगा बरोबर होता. 4.5 मिमी आणि 20 जूल ऊर्जेच्या आतल्या एअर गनला परवाना लागत नाही, पण त्याने शिकारीची मुभा मिळत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात नुसतं जखमी करणंही शिकारीतच मोडतं. डुकराचं तर विचारूच नका: 0.53 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 200 मीटर वेगाने सुटला तरी जेमतेम साडेदहा जूल. डुक्कर त्याने मरत नाही, चवताळतं. पिकाचं नुकसान झालं असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात भरपाईचा अर्ज लगेच करा. बुलबुल-साळुंक्यांसाठी मणी गोड व्हायच्या आधीच बागेवर जाळी टाका. चमकणाऱ्या पट्ट्यांना पाखरं काही दिवसांत सरावतात.

बंदूक रिकामी करून, कव्हरमध्ये घालून दुकानात आणा. मागच्या दहा मीटरच्या पट्टीवर गोल डोक्याची तीन मापं तुमच्याच बंदुकीतून मारून बघू, त्याचे पैसे नाहीत. ती डबीही आणा. दबलेले छर्रे निवडून देतो, उरलेले कागदावर मारायला उत्तम आहेत.