पीएचडीवाल्यांचे दिवे आणि वरच्या मजल्यावरची खोली

२०२३च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात सारथीच्या, म्हणजे मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी संस्थेच्या, फेलोशिपचा विषय निघाला आणि तेव्हाचे एक उपमुख्यमंत्री बोलून गेले की पीएचडी करून काय दिवे लावणार. त्या आठवड्यात मी जर्मनीत एका संशोधन संस्थेच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत राहत होतो. व्हॉट्सॅपवर तो व्हिडिओ एकाच दिवशी सात जणांनी पाठवला, त्यातल्या तिघांनी हसणारा इमोजी टाकून. मी इतिहासात पीएचडी करतोय, ती तंजावरच्या मराठ्यांवर, आणि त्यासाठी जर्मनीत येऊन बसलोय, म्हणजे टिंगल करायला तिन्ही बाजूंनी जागा.

आधी एक गोंधळ काढून टाकतो, कारण घरच्यांनाही तो अजून आहे. मला मिळालेली ही जर्मनीची फेलोशिप म्हणजे परदेशी डिग्रीची स्कॉलरशिप नव्हे. डिग्री तुमच्या मूळ विद्यापीठाचीच, गाईड तेच, इथली संस्था फक्त काही महिने राहायला आणि लिहायला जागा अन पैसे देते. सहा महिने, फार तर वर्ष. तास घ्यायचे नाहीत, परीक्षा नाही. अट एकच, इथेच राहायचं. अधूनमधून येऊन जातो म्हटलं तर चालत नाही, आठवड्याच्या चर्चेला बसायचं आणि मुक्कामात एकदा तरी आपलं काम सगळ्यांपुढे मांडायचं.

आता आपल्याकडचा वाद. २०२२च्या फेब्रुवारीत केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषयच काढून टाकले. ही स्कॉलरशिप अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी आहे, एकूण जागा १२५. युक्तिवाद काय, तर भारताचा इतिहास शिकायला परदेशी कशाला, कागद तर इथेच आहेत. खरं सांगू? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे अर्धं पटलं होतं. तंजावरचे मोडी रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, तंजावरातच आहेत, त्यासाठी जर्मनीला येणारा माणूस वेडाच म्हणायचा.

पण माझा दुसरा अर्धा इथे आहे. सरफोजी राजे (दुसरे) लहान असताना त्यांच्या पाठीशी उभा राहिलेला मिशनरी म्हणजे क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ. १७५० मध्ये भारतात आला, १७९८ मध्ये तंजावरातच वारला. शिकला जर्मनीतल्या हाले शहरात, तिथल्या फ्रांके नावाच्या पाद्र्याने काढलेल्या संस्थेशी त्याचं मिशन जोडलेलं, आणि तो तिथे जर्मनमध्ये पत्रं लिहायचा, ती आजही हालेच्या अभिलेखागारात आहेत. म्हणजे एका मराठी राजाच्या पोरवयाची बातमी जर्मनीत, ती पण कुरंट लिपीत. कुरंट म्हणजे जर्मनांची मोडीच समजा! शाळेत शिकवणं १९४१ मध्ये बंद झालं, आता इथल्या पोरांना स्वतःच्या पणजोबाचं पत्र वाचता येत नाही. मोडी येणाऱ्याला एक फायदा होतो, बिचकायला होत नाही. वळण एकदा कळलं की उरलेलं अंदाजाने लागतं, आणि अंदाज कुठे चुकतो हेही माहीत असतं.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे आता सगळं ऑनलाइन आहे. बरंच आहे, हो. हालेने १७१० पासून मिशनच्या बातम्या छापून काढल्या आणि ती छापील पुस्तकं घरबसल्या उघडता येतात. पण ती वर्गणीदारांसाठी छापलेली, त्यामुळे छापण्याआधी पत्रांवर कात्री चालायची. छापलेलं आणि मूळ हस्तलिखित शेजारी ठेवलं की गाळलेलं काय ते दिसतं. तरीही एवढ्यासाठी महिनाभर येऊन फोटो काढून परत जाता येईल, त्याला सहा महिने मुक्काम लागत नाही हेही मान्य.

मुक्काम कशाला लागतो ते मला तिसऱ्या महिन्यात कळलं. आमच्यात एक पोलिश मुलगी होती, धर्मशास्त्रात, म्हणजे थिऑलॉजीत पीएचडी करणारी. रात्री जेवणाच्या टेबलावर मी श्वार्ट्झच्या एका पत्राचा माझा उतारा तिला दाखवला, कौतुक व्हावं म्हणूनच, खोटं कशाला बोलू. पत्र लांब होतं आणि मी फक्त दरबाराची दोन पानं उतरवली होती, पुढची प्रार्थना, पश्चात्ताप, देवाची कृपा वगैरे सोडून दिली होती कारण त्यात ‘माहिती’ नाही. ती म्हणाली, तू पत्र वाचलंच नाहीयेस. पाएटिस्ट माणसाला, म्हणजे मनातल्या भक्तीवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंटाला, पत्रात आत्म्याचा हिशेब द्यावाच लागतो, तो कुणाबद्दल देतो आणि कुणाबद्दल गप्प बसतो तिथेच सगळं असतं. मग पुढचे दोन आठवडे मी सोडलेली पानं उतरवत बसलो. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते होत नाहीयेत हे लिहिताना मिशनरी कसा अडखळतो, राजाचे गुण सांगता सांगता वाक्य मध्येच कुठे सोडतो, हे मला त्या पानांत दिसलं. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्यामुळे उलटंपालटं झालं. (गाईडनी मेलला ‘इंटरेस्टिंग’ एवढंच उत्तर दिलं, म्हणजे अजून वाचलेलं नाही.)

आता ही मुलगी मला कुठल्या सेमिनारमध्ये भेटली असती तर वीस मिनिटांचा पेपर, दोन प्रश्न आणि चहा, संपलं. तिसऱ्या महिन्यात एखादी बाई तोंडावर सांगते की तू वाचलंच नाहीस, याला आधीचे दोन महिने एकत्र राहणं लागतं.

हे असं इतिहासवाले आणि धर्मशास्त्रवाले एका छपराखाली ठेवायचं इथल्या लोकांना सुचलं कसं याचीही गोष्ट आहे. जर्मनीतल्या माइन्झ शहरातली युरोपीय इतिहासाची संस्था १९५० मध्ये निघाली, तिचे सुरुवातीपासून दोन विभाग, एक इतिहासाचा आणि एक धर्मेतिहासाचा. युद्ध नुकतंच संपलेलं, तो भाग फ्रेंचांच्या ताब्यात, फ्रेंच आणि जर्मन इतिहासकार श्पायरला बसून पाठ्यपुस्तकातलं विष कसं काढायचं यावर बोलत होते. धर्माच्या विभागाचे पहिले प्रमुख योझेफ लोर्ट्झ, कॅथलिक पाद्री, ज्यांनी प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरला नुसता खलनायक न ठरवता समजून घ्यायचा प्रयत्न केला. आणि हेच लोर्ट्झ १९३३ मध्ये नाझी पक्षात गेले होते. म्हणजे संत-महात्म्यांनी काढलेली संस्था नव्हे, हात पोळलेल्या माणसांनी काढलेली. त्यांच्या फेलोंना आजही तिथेच, जेसुइट पंथाच्या कॅथलिक पाद्र्यांनी सतराव्या शतकात बांधलेल्या जुन्या इमारतीत राहायला जागा मिळते.

आपल्याकडे पाठ्यपुस्तकावर भांडण झालं की समिती बसते, अहवाल येतो, कुणीतरी राजीनामा देतं. भांडणाऱ्या दोन बाजूंच्या तरुण पोरांना सहा महिने एका घरात ठेवून बघू असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. आणि दुसरी बाजू आणायची कुठून? आपल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत धर्मशास्त्राचा विभागच नसतो. अभंग मराठी विभागात, मठाचे कागद इतिहासात, जात समाजशास्त्रात, आणि श्रद्धेचं काय ते कीर्तनकार बघून घेतील.

पण जर्मनीची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. इथे सरकारी विद्यापीठात धर्मशास्त्र आहे, पण कॅथलिक प्राध्यापकाला चर्चची परवानगी लागते. ट्यूबिंगन विद्यापीठातले कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ हान्स क्यूंग यांनी पोप चुकू शकत नाही या सिद्धांतावर प्रश्न विचारले आणि १९७९ मध्ये त्यांची परवानगी गेली. विद्यापीठाने त्यांना काढलं नाही, पण कॅथलिक विभागाबाहेर ठेवावं लागलं. म्हणजे भावना दुखावण्याचं खातं इथेही आहे, फक्त फाईल नीट लावलेली असते.

पैशाचंही तसंच. फेलोशिप म्हणजे नोकरी नाही, त्यामुळे पेन्शनमध्ये काही जमा होत नाही आणि आरोग्य विमा स्वतःच्या खिशातून. मला पहिल्या महिन्यात एका विमा कंपनीने असा काही फिरवला की तीन पत्रांनंतर कळलं मी त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. इथले तरुण संशोधक तरी सुखी आहेत का? २००७च्या कायद्याने विद्यापीठातली कंत्राटी वर्षं मोजून दिलीत, पीएचडीआधी सहा, नंतर सहा, मग पर्मनंट व्हा नाहीतर घरी जा. हा कायदा समजावणाऱ्या सरकारी व्हिडिओत हाना नावाची एक काल्पनिक संशोधिका होती, २०२१ मध्ये हजारो लोकांनी ‘मी हाना’ म्हणत ट्विटर भरून टाकलं ते यावरच. काय दिवे लावणार हे इथेही विचारतात, फॉर्ममध्ये विचारतात एवढंच.

तरी मला आपल्या वादात खटकतं ते हे, की आपण एकतर रक्कम मोजतो नाहीतर कागदांचा पत्ता विचारतो. रक्कम मोजायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही, केंद्रीय विद्यापीठातल्या नॉन-नेट, म्हणजे नेट परीक्षेशिवाय मिळणाऱ्या, फेलोशिपचे महिना ८००० रुपये कितीतरी वर्षं तेवढेच आहेत आणि २०१५ मध्ये तेही बंद करायला निघाले तेव्हा पोरं यूजीसीच्या दारात बसली होती. पण हातात दिलेल्या पैशाइतकाच मोकळा वेळ आणि वेगळ्या विषयाचा शेजारी लागतो, आणि या दोन गोष्टींना जर्मनीच लागते असं नाही. विद्यापीठांची गेस्ट हाऊस आहेतच, त्यातल्या सहा खोल्या वर्षभर दिल्या, निम्म्या इतिहासवाल्यांना आणि निम्म्या धर्मावर काम करणाऱ्यांना, तर कुणाचं बजेट कोसळणार नाही.

हे मी माझ्या एका मित्राला फोनवर तावातावाने सांगत होतो. तो महानुभाव पोथ्यांवर काम करतो, माझ्यापेक्षा कितीतरी बरं, आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. मागच्या वर्षी त्याची इकडे निवड झाली होती, ऑक्टोबरपासून सहा महिने. त्याने कॉलेजात विचारलं तर उत्तर आलं की तासिकावाल्याला रजा हा प्रकारच नसतो, जायचं तर जा, जूनमध्ये नव्याने इंटरव्ह्यू दे. बायको पुन्हा गरोदर, आईचं डायलिसिस. त्याने इकडे नाही म्हणून कळवलं. माझं गेस्ट हाऊसचं पुराण ऐकून घेतलं आणि म्हणाला, सहा खोल्या नकोत रे, तेवढी रजेची तरतूद करायला सांग.